कुत-अल-अमाराचे मराठा शिपाई : शौर्य आधी सांगावे की हाल?

कृष्णाकाठ : ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, पहिल्या महायुद्धात, तुर्की सैन्याने मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत गावाला घातलेल्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. आपल्याकडे त्यांचा उल्लेख झालाच तर तो शौर्याचा होतो. माझे म्हणणे असे की, आधी त्यांचे हाल सांगितले पाहिजेत. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले, तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी धर्मापोटी ते मांस नाकारले. त्यामुळे स्कर्व्ही या कुपोषणाच्या रोगाने त्यांनाच अधिक ग्रासले आणि हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवूनही बराच काळ फरक पडला नाही. शरणागतीनंतर डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, तर शिपाई वाळवंट तुडवत आजच्या सीरियातील रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर गेले आणि त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. याला शौर्यगाथा म्हणणे मला सोयीचे वाटते, खरे वाटत नाही.

सुभेदारांचा नातू : असहमत. उपासमारीने खंगलेले शिपाई जवळजवळ पाच महिने खंदक सोडत नाहीत, याला शौर्य नाही तर काय म्हणायचे? केवळ हाल सांगितले की, शिपाई म्हणजे कुणीही हाकलून न्यावे असा बिचारा ठरतो आणि हा त्याचा अपमान आहे. ११७ क्रमांकाच्या पलटणीला मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल १९२१ मध्ये ‘रॉयल’ किताब मिळाला, तो दयेपोटी नव्हे.

कृष्णाकाठ : किताब पलटणीला मिळाला, शिपायाला काय मिळाले? बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी सैन्यातील मात्र अधिकाऱ्यांचीच नावे आली आणि बाकीच्यांचे पलटणवार आकडे. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये. शौर्य इतके मान्य होते, तर नाव लिहायला कोण आडवे आले?

कोकणवाट : आपण दोघेही ‘मराठा शिपाई’ एवढेच धरून बोलत आहात. महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली होती आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून समाजसुधारक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला होता. युद्धाने माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. ज्यांना बंदूक हाती घेण्यासाठीच अर्ज करावे लागले, त्यांच्यासाठी पलटण हे पोटाचे साधन होते तसेच प्रतिष्ठेचेही होते. म्हणून शिपायांना केवळ ‘साम्राज्याने फसवलेले’ म्हणणे मला अपुरे वाटते. (पगारासाठी गेले, यात कमीपणा कसला, हेही मला कळत नाही.)

सुभेदारांचा नातू : हेच मला म्हणायचे होते. त्यांनी स्वतः निवड केली.

कोकणवाट : थांबा, तसे मी म्हटलेले नाही. भरती होणे ही निवड असेल. पण कुतच्या वेढ्याआधी झालेल्या टेसिफॉनच्या लढाईतील जखमींना उपचारांविना बोटींवर दाटीवाटीने कोंबून नदीमार्गे बसऱ्याला पाठवले गेले, ती कुणाची निवड होती? या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा १९१७चा अहवाल याच अनास्थेवर बोट ठेवतो आणि त्यानंतर भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. शिपायांच्या धैर्याचा गौरव जरूर करा, पण त्या गौरवाआड ही बेपर्वाई लपू देऊ नका.