मदत हवी आहे: डिझेल गाडीचा रेडिएटर फॅन उशिरा लागून राहिला, सेन्सर का रेझिस्टर?

नमस्कार मंडळी, वणी तालुक्यातून लिहून राहिलो. गाडी डिझेल, कॉमन रेल, बीएस-४, लाखाच्या वर चाललेली. गावात रात्री-बेरात्री कोणाले चंद्रपूर नाहीतर नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं झालं तं हीच निघते, म्हणून भर मे महिन्यात पेशंट घेऊन रस्त्यात बंद पडू नये, एवढ्यासाठी विचारतो.

प्रॉब्लेम असा का रस्त्यानं चालू असली का काही टेन्शन नाही, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवते तो) लावून मोबाईलवर पाहतो तं पाणी ८६ ते ९० अंशाच्या मधात राहते. पण रेल्वे फाटकावर कोळशाची मालगाडी जाईपर्यंत एसी लावून उभं राहिलं का आकडा हळूहळू चढते, ९५, ९८, १०१, एसीची हवा कोमट होते, आणि १०४-१०५ झालं का मग फॅन एकदम फुल स्पीडनं लागते, आकडा ९६ वर आला का बंद. मीटरचा काटा या सगळ्यात मधातच, हलत पण नाही! बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम तसा ठेवला असते म्हणे, काटा वर जाईपर्यंत खरी गरमी पुढं निघून गेली असते. म्हणून स्कॅनरवरच भरवसा.

आता माझ्या समजुतीनं असं का पाण्याच्या टेम्परेचरचा सेन्सर जेवढा गरम तेवढा त्याचा रेझिस्टन्स कमी, त्यावरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टेम्परेचर काढते आणि फॅनचे रिले (करंट चालू-बंद करणारे स्विच) ओढते. आधी स्लो, गरमी वाढली तं फास्ट. आणि एसी लावला, गॅसचं प्रेशर चढलं का पाणी गरम नसलं तरी स्लो फॅन लागाले पाहिजे. माझ्या गाडीत एसी लावल्यावर फॅन गप्प. सेन्सरचा प्लग काढून पाहिला तं फॅन लगेच फुल स्पीडनं फिरला आणि पी०११८ कोड (याच सेन्सरच्या सर्किटच्या बिघाडाचा) आला, म्हणजे मोटर, मोठा रिले, वायरिंग ठीक असावं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधात कोळशाची धूळ आणि कापसाचा फुस्का पार जमून होता, तो आतून बाहेर कमी प्रेशरच्या पाण्यानं धुतला, आकडा जरा उतरला, पण स्लो फॅन काही लागला नाही.

इथले मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाक नाहीतर फॅन डायरेक्ट बटनावर घे. मले हे दोन्ही पटत नाही. थर्मोस्टॅट काढला तं हिवाळ्यात इंजिन गरमच होणार नाही, डिझेल जास्त पिणार, धूर करणार. आणि बटन लावाचं विसरला कोणी तं? गाडी एकटा मीच चालवत नाही. स्लो स्पीड काहून गेला तेच शोधाचं हाय. माझा संशय फॅनच्या स्लो स्पीडच्या रेझिस्टरवर, कोणाले अनुभव हाय का, चेक कसा करायचा?

प्रतिसाद:
भाऊ, तुमचा संशय बरोबर दिशेनं चालला आहे. दोन स्पीडच्या फॅनमध्ये स्लोचा करंट रेझिस्टरमधून जातो, तो स्वतः तापतो म्हणून फॅनच्या चौकटीवर हवेत बसवलेला असतो आणि कधी ना कधी जळतो. फास्टचा करंट त्याला वगळून जातो, म्हणून फास्ट चालत राहतो. बॅटरीची वायर काढा, रेझिस्टरचा प्लग काढून मल्टिमीटर लावा, चांगला असेल तर एक ओहमच्या आत दाखवेल, जळला असेल तर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. तो चांगला निघाला तर छोटा रिले आणि त्याचा फ्यूज बघा, दोन रिले सारखे असले तर अदलाबदल करून पाहायचं. मोटरजवळ जाड वायरींसोबत एखादी बारीक सिग्नलची वायर असेल तर मात्र तुमच्याकडं मॉड्यूलवाला (इलेक्ट्रॉनिक डबीनं स्पीड कमी-जास्त होणारा) फॅन आहे, त्यात हा रेझिस्टर नसतो. सेन्सरचाही एकदा थंड इंजिनवर रेझिस्टन्स घ्या, बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन-अडीच हजार ओहम येतो आणि ८० ला तीनशेच्या आसपास. गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका, आणि चावी काढली तरी काही गाड्यांत फॅन लागतो, हात घालायच्या आधी बॅटरी काढलेलीच पाहिजे.

धागाकर्ता:
धन्यवाद भाऊ. बारीक वायर नाही, दोन स्पीडचाच हाय. रेझिस्टर ओपन दाखवून राहिला. नवीन घेताना ओहम जुन्यासारखाच लागते का थोडा कमी-जास्त चालते?