मदत हवी आहे : ग्रंथालयशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने घ्यावी का?

नमस्कार. तालुक्याच्या 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयातील देवघेवीचे काम सोडून शहरात वर्षभर राहणे शक्य नसल्यामुळे, ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून घेण्याचा माझा विचार आहे. सिद्धांताचे विषय वाचून जमतील; खरी धास्ती वर्गीकरण आणि तालिकीकरणाच्या (ग्रंथांच्या नोंदींची सूची बनवण्याच्या) प्रात्यक्षिकांची वाटते, कारण महाराष्ट्राच्या इतिहासाचा 954.792 हा ड्यूई दशांश वर्गीकरणातील (ग्रंथांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीतील) क्रमांक तिच्या कोष्टकांतून कसा बांधायचा, हे कोणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय उमगत नाही. नोकरी सांभाळून ही पदवी घेतलेल्यांनी दूरशिक्षणच का निवडले, संपर्कसत्रांत प्रात्यक्षिकांचा पुरेसा सराव होतो का, आणि पुढे शाळा-महाविद्यालयांतील मुलाखतींत या पदवीकडे कसे पाहिले जाते, हे कृपया सविस्तर कळवावे.