मदत हवी आहे: आई-बाबांसोबत दक्षिण फ्रान्स, शाकाहारी जेवण, वाइन आणि मुक्काम

निळीशाई

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या उत्तरार्धात आई-बाबांना घेऊन दक्षिण फ्रान्सला जायचं नक्की झालं आहे. पॅरिस मुद्दाम वगळलंय. बाबांना काहीही करून मार्सेय (आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस) बघायचं आहे, कारण ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ते हे बंदर. आईला बाजार आणि जुन्या गल्ल्या हव्यात. मला आणि नवऱ्याला नाशिकच्या द्राक्षमळ्यांत हिंडून वाइनची गोडी लागली आहे, तेव्हा ऱ्होन नदीकाठचा मुलूख डोळ्यांनी बघायचाय.

नीसला मी कामानिमित्त राहून आले आहे आणि ते शहर मला मनापासून आवडलं. जुन्या नीसमध्ये सोका मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच. हे पातळ पीठ भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओततात आणि लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करपून कुरकुरीत, मध्ये मऊ, वरून भरपूर मिरपूड. उभ्या उभ्या, हाताने खायचा. आईला तो आवडणार याची मला खात्री आहे. कूर सालेयाचा फुलांचा-भाज्यांचा बाजारही तिला दाखवायचाय. फक्त सोमवारी तिथे भाजीऐवजी जुन्या वस्तू मांडलेल्या असतात, हे कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा.

नीसपुरतं माझं मी बघेन. अडचण पुढची आहे. आई अंडंसुद्धा खात नाही, दूध-चीज चालतं. बाबा मासे आवडीने खातात. दोघांचे गुडघे कुरकुरतात. मार्सेय आणि आव्हिन्यों अशा दोन्ही ठिकाणी मुक्काम करावा की एकाच ठिकाणी राहून दुसरं दिवसात उरकावं? आई नीट जेवेल असं तिकडे काय मिळतं? बुइयाबेस (मार्सेयचं माशांचं सूप) इतकी महाग असते ती खरंच तेवढ्या मोलाची आहे का? आणि वाइनसाठी शातोनफ द्यु पाप हे प्रसिद्ध गाव सोडून अजून कुठे जावं?

आई "मी ब्रेड-फळांवर राहीन" म्हणतेय. तिला तसं राहावं लागू नये, ही माझी खरी काळजी आहे.

रानवाटा

निळीशाई, मी शिकायला मोंपेलिएला होते, त्यामुळे हा सगळा पट्टा पायाखालचा आहे. आईंचं आधी सांगते.

तिकडे जे शाकाहारी दिसतं ते बऱ्याचदा नसतं. तापनाद म्हणजे ऑलिव्हची चटणी, पण त्यात आंचोवी मासा वाटलेला असतो. पिसालादियेर म्हणजे कांद्याची जाड भाकरी, तिच्यावरही तोच मासा. दुकानांच्या काचेत टोमॅटो-झुकिनी भरून ठेवलेल्या फार सुंदर दिसतात, आत बहुतेक वेळा खिमा असतो. एक्स शहराची कालिसों ही बदामाची मिठाई, तिच्यावरच्या पांढऱ्या थरात अंड्याचा पांढरा भाग असतो. चीजचंही बघा: पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आईंना ते चालत नसेल तर आधीच ठरवून टाका.

आता मिळतं काय ते. रातातूय (वांगी-टोमॅटो-झुकिनीची शिजवलेली भाजी) तर आहेच, पण मार्सेयला पानिस शोधा. हरभऱ्याचं पीठ शिजवून घट्ट करायचं, थापून गार करायचं, कापायचं आणि तळायचं. आपल्या पाटवडीची तळलेली बहीणच. मार्सेयच्याच लेस्ताक भागातल्या समुद्रकाठच्या टपऱ्यांवर कागदात गरम गरम देतात. सूप ओ पिस्तू हे शेंगा, बीन्स आणि भाज्यांचं दाट सूप, त्यात तुळशीच्या जातीच्या पानांचं आणि लसणीचं वाटण. तेवढ्यावर पोट भरतं. फक्त डुकराचं मांस घातलंय का ते विचारा. मार्सेयच्या नोआय भागात अल्जीरियन-ट्युनिशियन दुकानांत धणे, जिरे, हरभरे, खजूर, सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर एक वेळचं जेवण घरी होईल. भाज्यांचा कुसकुसही (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे, वर रस्सा) मागता येतो, पण रस्सा मांसाचा असू शकतो.

एक वाक्य कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा: "झ न माँझ नी व्याँद, नी प्वासाँ, नी अफ." मांस, मासे, अंडं खात नाही. मात्र त्याआधी "बाँझूर" म्हणायला विसरू नका. दुकानात किंवा हॉटेलात शिरताना नमस्कार केला नाही तर तिथल्या माणसांना तो खरोखर उद्धटपणा वाटतो. नमस्कार केलात की तीच माणसं आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात.

आणि वेळा! दुपारचं जेवण १२ ते २. अडीचला पोचलात तर चूल बंद. मग संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत काही नाही. ज्येष्ठांसोबत सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. दिवसाचं मोठं जेवण दुपारीच घ्या, 'प्ला द्यु झूर' (त्या दिवसाचा खास पदार्थ) स्वस्तही पडतं. पाणी मागताना "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी जेवणासोबत फुकट असतं.

वेलांटी

बाबांसाठी थोडं. व्ह्यू पोर हे जुनं बंदर आज होड्यांनी भरलेलं असतं, पण मोठ्या आगबोटींसाठी १९व्या शतकात त्याच्या उत्तरेला, जोलिएतला नव्या गोद्या बांधल्या. फोर सां झाँ किल्ल्यावरून किंवा शेजारच्या म्यूसेम संग्रहालयाच्या गच्चीवरून तो सगळा किनारा दिसतो. तिथे बाबांना निवांत बसू द्या. पोहून किनाऱ्याला लागलेल्या सावरकरांना फ्रेंच शिपायाने धरून इंग्रजांच्या हवाली केलं. ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. मला तिथे उभं राहून हे सगळं फार जवळचं वाटलं होतं.

शहराच्या दक्षिणेला मझार्गची युद्धस्मशानभूमी आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजा मार्सेयला उतरल्या होत्या, पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची स्मृती तिथे जपली आहे. जमलं तर नक्की जा.

सां शार्ल स्टेशनसमोरचा जिना १०४ पायऱ्यांचा आहे. देखणा आहे, पण गुडघ्यांसाठी स्टेशनातूनच मेट्रो पकडा, व्ह्यू पोर दोन स्टेशनांवर.

द्राक्षमळा

वाइनचं मी सांगतो. आव्हिन्योंला मुक्काम कराच. १३०९ ते १३७७ पोप रोम सोडून तिथे राहिले. शातोनफ द्यु पापच्या नावात ते पोप अजून आहेत. तिथल्या काही मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते गोल गुळगुळीत दगड. दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. नियमाप्रमाणे १३ जातींची द्राक्षं चालतात, पण राज्य ग्रनाशचं. वाइन जड आणि मद्यार्काला चढी, म्हणून रिकाम्या पोटी चाखू नका. चाखून भांड्यात थुंकणं तिथे रीतीचं आहे, संकोच करू नका.

नदीपलीकडचं तावेल चुकवू नका. तिथे फक्त रोझे (गुलाबी वाइन) बनते, आणि ती फिकट प्रोव्हान्सी रोझेपेक्षा गडद, जेवणासोबत टिकणारी असते. मार्सेयजवळ कासीची पांढरी वाइन, बाबांच्या माशांसोबत तीच मागवा. तांबडी हवी तर बांदोल, मूर्व्हेद्र द्राक्षाची, किमान १८ महिने लाकडात मुरलेली.

सप्टेंबरात काढणी चालू असते, मळेवाले कामात बुडालेले असतात. भेटीची वेळ आधी घ्या. आणि दोघंही पिणार असाल तर गाडी भाड्याने घेऊ नका, चालकासह अर्ध्या दिवसाची सहल घ्या.

बुइयाबेसबद्दल: १९८० मध्ये मार्सेयच्या हॉटेलवाल्यांनी तिची सनद केली. ठरावीक यादीतले किमान चार प्रकारचे मासे हवेत, आणि सूप व मासे वेगवेगळे वाढायचे. आधी केशरी सूप, सोबत लसूण घासलेले पावाचे तुकडे आणि रुई नावाची तिखटसर चटणी, मग मासे तुमच्यासमोर सोडवून देतात. अशा ठिकाणी माणशी साठ युरोंच्या पुढेच जातं. बाबा मासेखाऊ आहेत ना? मग एकदा खाऊ घाला, पैसे वसूल होतात. वीस युरोंची पाटी दिसली तर पुढे चला. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पानिसचं वाचून दाखवलं, तिने लगेच "मीठ किती घालतात?" विचारलं. आता असं ठरतंय: मार्सेयला स्वयंपाकघरवाली खोली, मग आव्हिन्यों, शेवटी नीस. चीजचं आईला विचारलं, रेनेट तिला चालणार नाही. मग प्रवासात तिच्यासाठी काय बरोबर ठेवू?

रानवाटा

क्रम छान आहे. आव्हिन्योंला प्लास पीचा झाकलेला बाजार, ले आल, सकाळीच गाठा. सोमवारी तो बंद असतो. तिथून ऑलिव्ह, अक्रोड, अंजीर घ्या, सप्टेंबरात अंजिरं ताजी असतात. पाव बेकरीतून घ्या, साधा 'बागेत' (लांब फ्रेंच पाव), त्यात मुख्यतः पीठ, पाणी, मीठ, यीस्ट असतं. आणि घरून मेतकूट न्या.

द्राक्षमळा

बाटल्या आणणार असाल तर भारतात माणशी २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. आई-बाबांचा वाटाही धरा, चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवा.