आई-वडिलांच्या नावाची भाडेपावती: करनियोजन की करचोरी?

सातारकर:
जानेवारी आला की ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे मागतात आणि पगारातल्या घरभाडे भत्त्यावर करसूट मिळवायला रेव्हेन्यू स्टँप लावलेल्या भाडेपावत्या बाहेर पडतात. बऱ्याच पावत्यांवर घरमालक म्हणून वडिलांची सही. "सगळेच करतात, टॅक्स प्लॅनिंग आहे," असं तरुण सहकारी सांगतात. मला हे अजिबात पटत नाही.

घर वडिलांच्या नावावर आहे, मुलगा तिथे राहतो, दरमहा खात्यातून भाडं जातं आणि वडील ते रिटर्नमध्ये दाखवतात, तर ते पूर्ण कायदेशीर. वडिलांना त्या भाड्यावर 30 टक्के प्रमाणित वजावटही मिळते, म्हणजे तेवढ्या भागावर कर लागत नाही. त्यांचं उत्पन्न कमी असेल तर दोघांचा मिळून कर खरोखर कमी होतो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पैसे दिलेच नाहीत, नुसती पावती फाडली, तर ती चोरीच.

पिंपरीचा पगारदार:
आमचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. बिलाशिवाय माल विकणाऱ्या दुकानदाराला कोण विचारतं? आणि मोठ्यांचं काय? हाँगकाँगच्या हचिसन कंपनीचा भारतातला मोबाइल धंदा व्होडाफोनने करमुक्त केमन बेटांवरच्या कंपनीमार्फत घेतला. सुमारे 11 हजार कोटींची करमागणी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ते नियोजन आणि आमची पावती तेवढी चोरी?

सातारकर:
व्होडाफोनचा व्यवहार उघड होता. कंपनी खरंच विकली गेली, पैसे खरंच दिले गेले. भारताला त्यावर कर घेता येतो का, एवढाच वाद होता. तो निकाल मलाही खटकतो. पण तुमच्या पावतीत मुळात व्यवहारच नाही. बनावट युक्त्या करनियोजनात बसत नाहीत, हे याच न्यायालयाने 1985 मध्ये मॅक्डॉवेल खटल्यात सांगितलंय.

सीए, नाशिक:
वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. मग वडिलांच्या रिटर्नमध्ये ते भाडं नसलं की विसंगती लगेच दिसते. खोटी माहिती देऊन बुडवलेल्या करावर 200 टक्के दंड आहे. आईला रोख भाडं दिल्याचा एक दावा मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने 2017 मध्ये पुराव्याअभावी फेटाळला होता. तरीही सातारकर, रोखीने दिलं म्हणजे खोटंच, असं कुणी धरू नये. अनेक घरांत आई-वडील आजही रोखच घेतात. नवीन करप्रणाली निवडली असेल तर घरभाड्याची ही सूटच नाही, पावती कशाला?

पिंपरीचा पगारदार:
जुनीच निवडलीय. वडील माझ्याकडून भाडं घेणार नाहीत. पण त्यांची औषधं, किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं मीच भरतो. ते भाडं का धरायचं नाही?

सीए, नाशिक:
कारण ते भाडं नाही, आणि मुलाने आई-वडिलांचा खर्च उचलण्याला लाजायचं काही कारणही नाही. वडील 60 च्या पुढचे असतील आणि त्यांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्च जुन्या प्रणालीत वर्षाला 50 हजारांपर्यंत तुमच्या उत्पन्नातून वजा होतो. फक्त तो रोखीने करू नका आणि बिलं जपून ठेवा. मागच्या वर्षांत खोट्या पावत्या लावल्या असतील, तर नोटीस यायच्या आधी जादा कर भरून अद्ययावत रिटर्न भरा.