जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायचंय, पण आंब्याची यादी आणि सासऱ्यांची पत्रं जाता कामा नयेत

कलमबाग (देवगड)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे आम्ही पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. कोणाला किती डझन, कोणाचे पैसे यायचेत, मुंबई-पुण्यातले पत्ते, सगळं एका एक्सेल फाईलमध्ये आहे. त्यातूनच पेटीवर चिकटवायची लेबलं छापते.

लॅपटॉप २०१३ चा. आय३, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज १० आहे. सुरू केला की चहा ठेवून, गाळून, पिऊन होतो तेव्हा कुठे माउस हलायला लागतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले, आणि बँकेचं काम मी ह्याच मशीनवर करते, म्हणून जिवाला घोर. नवीन लॅपटॉप ह्या वर्षी जमणार नाही, मोहोर कसा धरतोय त्यावर पुढचं.

मुलगी म्हणते लिनक्स मिंट टाकूया (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम), पेनड्राइव्हवरून होतं. १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणलाय. पण माझा हात धजत नाही. सासऱ्यांनी देवस्थानच्या उत्सवाची पत्रं, जमाखर्च, गावाच्या जुन्या नोंदी असं बरंच काही ह्याच मशीनवर मराठीत टाईप करून ठेवलंय. ते आता नाहीत. त्या फाइली गेल्या तर पुन्हा कुठून आणायच्या? प्रिंटर चालेल का, मराठी टाईप होईल का, हेही सांगा. मला कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण नीट सांगितलं तर करते.

उधाण (दापोली)

ताई, विंडोज ११ च टाका ना. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट काढायची टिकमार्क येते. सवयीचं आहे ते राहील. आणि घाई नसेल तर विंडोज १० लाच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट वाढवून मिळतात, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणी करा.

शिरोड्याचो

माझ्या लॅपटॉपार कधीपासून मिंट आसा, काय्येक त्रास नाय. पोरांचो अभ्यास, बिलां, सगळा त्येच्यारच. भियां नको गो ताय.

खारावारा (रत्नागिरी)

ताई, मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. तुमच्यासारखी मशीनं रोज टेबलावर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उधाणभाऊंचं. नोंदणी करून वर्षभर वेळ मिळतो हे खरं, आणि तयारीला तो वापरावा. पण विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. अट चुकवून बसवता येतं, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असताना ते आत्तापेक्षा जडच चालेल. ताईंना बँकेचं काम करायचंय, तिथे हमी नसलेली गोष्ट मी सुचवणार नाही.

आता तुमचं. इन्स्टॉल ही ह्यातली सगळ्यात सोपी पायरी आहे. खरी मेहनत त्याच्या आधीची.

सासऱ्यांची पत्रं आधी उघडून बघा. कुठलंही अक्षर सिलेक्ट करा आणि वर फॉन्टचं नाव वाचा. मंगल किंवा निर्मला असेल तर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आहे, ती फाईल जगात कुठेही उघडेल. पण श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख असलं नाव दिसलं तर थांबा. त्या काळात आपल्याकडे बहुतेक सगळे ह्यातच टाईप करायचे. अशा फाईलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि तो फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट गेला की तीच पत्रं कंस, टक्के आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं होऊन बसतात. लोक डॉक्युमेंट फोल्डर कॉपी करतात आणि फॉन्ट मात्र विंडोजबरोबर पुसला जातो. वडिलांचं आयुष्यभराचं लेखन असं घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. म्हणून कळकळीने सांगतो, विंडोज चालू आहे तोवर प्रत्येक पत्र उघडून त्याची पीडीएफ करा. वर्डमध्ये सेव्ह अ‍ॅज करून पीडीएफ निवडलं की झालं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, म्हणून ती कायम वाचता येते. शंभर फाइली असल्या तरी करा, मुलीला मदतीला घ्या. शिवाय मूळ फाइली ठेवा आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून ते फॉन्टही कॉपी करून घ्या. पुढे कधी युनिकोडमध्ये बदलायचं झालं तर मूळ फाईल लागेल.

कॉपी दोन ठिकाणी हवी. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक मुलीच्या मशीनवर किंवा गूगल ड्राइव्हवर. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकणार आहात त्यावर अजिबात नको, तो पूर्ण पुसला जातो. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क विसरू नका.

मिंट त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या आणि एक्सएफसीई नावाची आवृत्ती निवडा, ४ जीबीला ती बरी. २२ वी मालिका एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट घेते. फाईल तीनेक जीबीची आहे. देवगडला रेंज कशी असते मला माहीत आहे. डाउनलोड मध्येच तुटून अर्धवट फाईल आली तर इन्स्टॉल भलत्याच ठिकाणी अडकतं आणि आपण मशीनला दोष देतो. म्हणून रुफसमध्ये ती फाईल निवडल्यावर सिलेक्टच्या बाजूला बरोबरची खूण असलेलं बटण आहे ते दाबा. लांबलचक आकडे येतील, त्यातला एसएचए-२५६ असं लिहिलेला घ्या. मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी तो जुळवा. पहिली आणि शेवटची सहा-सात अक्षरं नजरेखालून घातली तरी अर्धवट फाईल कळते. मग पार्टिशन स्कीमला एमबीआर ठेवून स्टार्ट करा. तशी केलेली स्टिक जुन्या बायोसवर (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) आणि यूईएफआयवर (त्याचंच नवं रूप), दोन्हीकडे चालते.

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन करा. नेहमीच्या शट डाउनमध्ये विंडोज अर्धी झोपते आणि मग मिंटमधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

नंतर पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करतानाच बूटचं बटण दाबत राहायचं. डेल, लेनोव्हो, एसर बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. एसरमध्ये एफ १२ चा मेनू आधी बायोसमध्ये सुरू करावा लागतो.

डेस्कटॉप आला की तिथे इन्स्टॉल मिंट असं चित्र दिसेल. त्याला हात लावू नका. त्या क्षणी सगळं पेनड्राइव्हवरून चालू आहे, तुमच्या हार्ड डिस्कला धक्काही लागलेला नाही. एक अख्खी संध्याकाळ असंच वापरा. हळू चालेल, चालू द्या. वायफाय लागतंय का, आवाज येतो का, प्रिंटर जोडून एक लेबल छापा. एचपीचे प्रिंटर बहुधा लावल्याबरोबर ओळखले जातात, कॅननच्या काही जुन्या लेझरना वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. तुमची एक्सेल फाईल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं ऑफिस) उघडून बेरजा बरोबर येतात का बघा. मॅक्रो (फाईलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) असतील तर ते अडतात. टॅली वापरत असाल तर मला आधी सांगा, ते लिनक्सवर थेट चालत नाही.

त्याच वेळी मेनूतून डिस्क्स उघडून तुमच्या हार्ड डिस्कचा स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा. रिअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेले भाग) शून्य असेल तर ठीक. आकडा असेल आणि वाढत असेल तर त्या डिस्कवर काहीच टाकू नका, अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. खरं तर शून्य असला तरी जमलं तर घ्याच. तुमचा चहा गाळून होईपर्यंतचा वेळ आहे ना, त्यातला बराचसा त्या फिरत्या डिस्कचा आहे.

कलमबाग (देवगड)

दादा, खूप खूप धन्यवाद. पत्रं श्री-लिपीमध्येच निघाली! मुलगी आणि मी बसून सगळ्यांची पीडीएफ केली. पालखीच्या मानकऱ्यांची यादी सापडली, ती गावात कोणाकडेच नव्हती. फॉन्टही घेतले. टॅली नाही, मॅक्रोही नाहीत.

आकडा जुळला, पेनड्राइव्ह झाला. पण एफ १२ दाबलं की यादीत पेनड्राइव्ह दिसतच नाही, फक्त हार्ड डिस्क. आणि दर वेळी तारीख २०१२ ची होते, मग विंडोजमध्ये बँकेची साइट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. हे त्यातलंच काही आहे का?

खारावारा (रत्नागिरी)

मानकऱ्यांची यादी मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. तिची एक छापील प्रत देवळातही ठेवा.

तारखेचं वेगळं आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढी गोल सेल असते, सीआर २०३२, ती संपली. तारीख मागे गेली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटतं. मिंट टाकूनही हे तसंच राहील, म्हणून सेल आधी बदलून घ्या. काही लॅपटॉपमध्ये ती वायरवाली असते, तेव्हा जुनी घेऊनच दुकानात जा. ती संपली की बायोसची सेटिंगही मूळपदावर जाते, त्यामुळे सेल बदलल्यावर बायोसमध्ये यूएसबी बूट चालू आहे का तपासा.

पेनड्राइव्हसाठी दुसरं पोर्ट वापरून बघा. आत निळी पट्टी असलेलं यूएसबी ३ चं पोर्ट त्या काळातल्या काही मशीनना बूटच्या वेळी दिसत नाही, काळं पोर्ट घ्या. आणि टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा. पितळी पट्ट्यांवर हिरवट पूड दिसली तर तो खाऱ्या हवेचा गंज. आपल्या किनाऱ्यावर ज्या घरात खिडकीतून समुद्र दिसतो तिथल्या मशीनना हा असतोच. बॅटरी आणि चार्जर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लास्टिक विरघळतं. मागचं झाकण उघडलंच आहे तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसा आणि घट्ट बसवा. पावसाळ्यानंतर अचानक बंद पडणारी कितीतरी मशीनं एवढ्यानेच सुधारतात.

कलमबाग (देवगड)

काळ्या पोर्टमध्ये लागलं! सेलपण बदलली, तारीख आता टिकते. मिंट पेनड्राइव्हवरून चालू आहे, लेबल छापलं, बेरजा बरोबर. डिस्कचा आकडा शून्य. फक्त वायफायचं चिन्हच नाही. आणि इन्स्टॉल करताना विंडोजच्या शेजारी ठेवू की पूर्ण पुसू? इथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

खारावारा (रत्नागिरी)

वायफाय येईपर्यंत फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा, लगेच नेट येईल. इन्स्टॉल झाल्यावर तसंच नेट देऊन ड्रायव्हर मॅनेजर उघडा. वायफायची चिप ब्रॉडकॉम कंपनीची असेल तर तिथे ड्रायव्हर सुचवलेला दिसेल, तो निवडा आणि रीस्टार्ट करा.

लाईटचा विचार केलात ते फार बरोबर. शेजारी बसवताना विंडोजचा भाग आक्रसून जागा करावी लागते, आणि ते चालू असताना लाईट गेली, बॅटरीनेही दम तोडला, तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. पूर्ण पुसून टाकताना लाईट गेली तर फार तर पुन्हा पहिल्यापासून करायचं, मशीनला इजा नाही. तुमच्या प्रती दोन ठिकाणी आहेत, प्रिंटर चालला, टॅली नाही. विंडोज ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. पूर्ण पुसा. मात्र त्याआधी त्या दोन्ही प्रतींमधली चार-चार पीडीएफ दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. इन्व्हर्टरवर लावा आणि सुरू करा.

बंदरवाडी (गुहागर)

मराठी टायपिंगचं राहिलं म्हणून लिहितो. सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट. तिथे सिस्टिम डीफॉल्टचं बटण आधी बंद करा, नाहीतर काही जोडता येत नाही. मग इंडियनखाली मराठीचे दोन लेआउट मिळतील. इनस्क्रिप्ट (कीबोर्डवरची ठरावीक मराठी मांडणी) येत असेल तर ते घ्या, सरकारी परीक्षांनाही ते चालतं. मोबाईलसारखं उच्चाराने लिहायची सवय असेल तर दुसरा, कगप. इंग्रजी-मराठी बदलायची बटणंही त्याच पानावर ठरवता येतात.

ताई, मुलीला इनस्क्रिप्टच शिकवा. अक्षरांची मांडणी एकदा बोटात बसली की लेबलांचे पत्तेही मराठीत भराभर होतील.

कलमबाग (देवगड)

पुसलं, झालं, वायफायपण आलं. हे मिंटवरूनच लिहितेय, इनस्क्रिप्टमध्ये, एकेक अक्षर शोधत. दादा, एसएसडी पेट्यांचे पैसे आले की घेते. तेव्हा हे सगळं पुन्हा टाकावं लागेल की आहे तसं उचलून त्यावर नेता येतं?

खारावारा (रत्नागिरी)

नेता येतं. क्लोनझिला नावाचं आहे, तेही पेनड्राइव्हवरूनच चालतं. फक्त एसएसडी ५०० जीबीपेक्षा लहान घेतलीत तर आधी पार्टिशन छोटं करावं लागेल, आणि त्यापेक्षा नव्याने टाकणं सोपं. एसएसडी हातात आली की इथेच लिहा.