सिटी मॅनेजरची मुलाखत: दार उघडं ठेवायचं की बंद?

डॅलसकर

मंडळी, आमच्या गावाला (डॅलसच्या उत्तरेला, नाव सांगत नाही, तोंड बंद ठेवीन असं सही करून दिलंय) नवा सिटी मॅनेजर नेमायचाय. नागरिकांच्या पॅनलवर माझी वर्णी लागली. सोसायटीच्या मीटिंगांत फार बोलतो, त्याची ही शिक्षा असावी.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: इथे बऱ्याच शहरांत मेयर निवडून येतो, पण कारभार तो चालवत नाही. पाणी, रस्ते, कचरा, बजेट, बहुतेक ठिकाणी पोलीस प्रमुखसुद्धा, सगळे सिटी मॅनेजरच्या हाताखाली. त्याला नेमतं कौन्सिल आणि काढतंही कौन्सिलच. १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावाने असा पहिला माणूस पगारावर ठेवला, तो स्थापत्य अभियंता होता. ओहायोतलं डेटन १९१३ च्या पुरात बुडालं आणि १९१४ पासून तिथेही हीच पद्धत आली. आज फीनिक्स, सॅन अँटोनियो, डॅलस एवढाली शहरं अशीच चालतात.

तर आमच्याकडे चार जण अंतिम फेरीत. सकाळी खातेप्रमुखांसमोर, दुपारी आमच्यासमोर. दुसऱ्या दिवशी खरी मुलाखत कौन्सिलपुढे, बंद दाराआड. आम्हाला प्रत्येकी चाळीस मिनिटं आणि आठ छापील प्रश्न. चौघांना तेच, शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही. गुण एक ते पाच. शेवटी कागद पाकिटात घातले, वर चिकटपट्टी लावली. त्या पाकिटाचं पुढे काय झालं, ते कोणी उघडलं तरी का, कुणीच सांगायला तयार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कोट्यवधी डॉलरचं बजेट ज्याच्या हातात द्यायचं, त्याला आमच्या प्रतिनिधींनी काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, हे मला का कळू नये? टेक्सासच्या कायद्यात कौन्सिलला नेमणुकीची चर्चा आत बसून करता येते, ठराव तेवढा बाहेर येऊन करायचा. म्हणजे साखरपुडा सगळ्यांदेखत, पण बोलणी काय झाली ते विचारायचं नाही. कौन्सिलची मुलाखत कॅमेऱ्यासमोर व्हावी. कुणाचा विरोध असेल तर मांडा.

---

टँपाची_मावशी

माझा आहे. मी फ्लोरिडात एका शहराच्या वित्त खात्यात सतरा वर्षं आहे. तुम्हाला हवं ते सगळं आमच्याकडे आहेच. १९६७ चा 'सनशाइन' कायदा. अर्ज सार्वजनिक, मुलाखत सार्वजनिक. आता तोटे ऐका.

मागच्या भरतीत पाच उमेदवार होते. कायद्याने कुणाला सभागृहाबाहेर काढता येत नाही, त्यामुळे बाकीच्या चौघांना हात जोडून विनंती करायची की बाबांनो, तुमची पाळी येईपर्यंत बाहेर बसा. बसले की. पण सभेचं थेट प्रक्षेपण चालू होतं. पाचव्या नंबरचा माणूस आला तो इतकी घोटून उत्तरं देत होता की चौथ्या प्रश्नाला आमचे मेयर हसले. त्याच्या कोटाच्या खिशातून इयरफोनची वायर लोंबत होती, मी डोळ्यांनी बघितली.

आणि हा झाला छोटा तोटा. मोठा असा की चांगली माणसं अर्जच करत नाहीत. जो आज दुसऱ्या गावात उत्तम काम करतोय त्याचं नाव इथे जाहीर झालं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या गावात बोंब, 'आपला मॅनेजर निघाला'. मग त्याच्या कौन्सिलमधले नाराज लोक म्हणतात, जायचंच आहे तर आत्ताच जा. ती नोकरी मिळाली नाही तर बिचारा दोन्हीकडून गेला. मग उरतं कोण? ज्यांना कालच कुठून तरी काढलंय ते. त्यांना लपवायचं काहीच नसतं.

---

सदाशिवपेठी

दोघेही किती नशीबवान आहात याची कल्पना आहे का तुम्हाला? मुलाखत उघडी की बंद यावर भांडताय. आमच्याकडे मुलाखतच नाही! महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमतं. रात्री बदलीचा आदेश निघतो, सकाळी नगरसेवकाला पेपरात फोटो बघून कळतं की आता कुणाच्या केबिनबाहेर बसायचं.

आयुक्त नको असेल तर? सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव केला की सरकारने त्याला परत बोलवायचं, अशी कायद्यात तरतूद आहे. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढ्यांविरुद्ध अविश्वास ठराव झाला, १०४ विरुद्ध ६. एवढं होऊनही ते पुढचे काही महिने तिथेच होते. मार्च २०१७ मध्ये सरकारला वाटलं तेव्हा बदली झाली.

---

नागपूरची_संत्री

सदाशिवपेठी, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय हो. नवी मुंबईत सामान्य माणूस मुंढ्यांच्या बाजूने होता आणि नगरसेवक विरुद्ध. नेमायचा-काढायचा अधिकार नगरसेवकांकडे असता तर ते त्याच आठवड्यात घरी गेले असते. आणि मुलाखत घेतली असती तर पहिला प्रश्न काय विचारला असता? 'अतिक्रमणांबाबत आपलं धोरण *समजूतदार* असेल ना?'

१९९४ च्या प्लेगनंतर सुरत ज्यांनी धुऊन काढलं ते एस. आर. राव कुठल्या मुलाखतीत पास होऊन आले होते? सरकारने पाठवले, आले, कामाला लागले.

---

सदाशिवपेठी

एक राव आणि एक मुंढे, ही नावं गेली कित्येक वर्षं प्रत्येक चर्चेत ऐकतोय. बाकीचे शेकडो आयुक्त आले आणि गेले, त्यांतल्या दहा जणांची नावं सांगा बघू. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. स्वतःच प्रस्ताव मांडायचा आणि स्वतःच मंजूर करायचा. याला तुम्ही कार्यक्षमता म्हणत असाल तर म्हणा.

---

कूपर्टिनोची_काकू

विषय अमेरिकेचा आहे, तो पुण्या-नागपूरच्या वादात जायच्या आत एक आठवण करून देते. बेल. लॉस एंजेलिसजवळचं छत्तीस-सदतीस हजार वस्तीचं, कष्टकऱ्यांचं गाव. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने उघड केलं की तिथला सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेतोय. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या जवळजवळ दुप्पट! कौन्सिलचे लोकही अर्धवेळ कामाचे लाखभर डॉलर घेत होते, म्हणजे एकमेकांची पाठ खाजवणं चालू होतं. रिझोला २०१४ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली.

यात मुलाखतीचा काय संबंध, असं टँपाची मावशी विचारतील. संबंध हा की 'आत बसून ठरवू' ही सवय एकदा लागली की ती नेमणुकीपाशी थांबत नाही. आज मुलाखत आत, उद्या करार आत, परवा पगारवाढ आत.

---

टँपाची_मावशी

काकू, हे जरा ताणलंत. बेलमध्ये मुलाखत बंद होती म्हणून चोरी झाली नाही. कुणी हिशेब बघत नव्हतं म्हणून झाली. करार आणि पगार उघडे हवेत यावर माझं दुमत नाही, मी स्वतः ते आकडे वेबसाइटवर चढवते. मी फक्त उमेदवाराच्या पोटावर पाय न देण्याबद्दल बोलतेय.

---

ऑस्टिनचा_बंड्या

बंद दाराचं टोक बघायचं तर आमच्याकडे या. २०१७ मध्ये ऑस्टिनने उमेदवारांची नावं इतकी गुप्त ठेवली की स्थानिक पेपर कोर्टात गेला. मुलाखती विमानतळाजवळच्या हॉटेलात ठेवल्या होत्या, तिथे पत्रकार पोचले. मग वऱ्हाड उठलं आणि थेट विमानतळाच्या आत, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे जाऊन बसलं. म्हणजे भावी सिटी मॅनेजर बघायचा तर आधी बूट काढा, पट्टा काढा!

एवढं करून नेमले ते स्पेन्सर क्रॉंक. फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्फाच्या वादळाने शहराची वीज गेली आणि त्याच महिन्यात कौन्सिलने त्यांना काढलं. २०२४ ला मात्र अंतिम उमेदवार नावानिशी जाहीर केले, लोकांसमोर बसवले. निवड झाली डॅलस सोडून निघालेल्या टी. सी. ब्रॉडनॅक्स यांची. मावशींचा मुद्दा इथे थोडा खरा ठरतो, ज्याने राजीनामा दिलाय त्याला नाव जाहीर व्हायची भीती नसते. पण म्हणून तो माणूस वाईट ठरत नाही ना.

---

एचआर_काका

तीस वर्षं मुलाखती घेतल्या आहेत, महापालिकेच्या नाही, कारखान्याच्या. दार उघडं की बंद याने फार फरक पडत नाही, माफ करा. मुलाखतीत एकच गोष्ट नक्की कळते: माणूस मुलाखत कशी देतो. बाकी सगळं चौकशीतून कळतं. त्याच्या जुन्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या फोरमनला फोन लावा, युनियनच्या माणसाला लावा. उमेदवाराने दिलेल्या तीन नावांना लावू नका, ती त्याची चुलत भावंडं असतात.

डॅलसकर, तुम्ही चाळीस-चाळीस मिनिटं चौघांना बघितलंत. काय दिसलं ते सांगा ना. तत्त्व पुरे.

---

डॅलसकर

काका, गाव ओळखू येणार नाही इतपत सांगतो.

दुसऱ्या नंबरचे गृहस्थ आले ते आधी टेबलाभोवती फिरून प्रत्येकाशी हस्तांदोलन. माझ्या नावाचा उच्चार विचारून घेतला, दोनदा म्हणून बघितला. खाली बसल्यावर कोऱ्या कागदावर आमची नावं बसल्या क्रमाने लिहिली आणि पुढची चाळीस मिनिटं प्रत्येक उत्तर नाव घेऊन. 'पहिल्या नव्वद दिवसांत काय कराल?' या प्रश्नाला त्यांच्याकडे ऐकणे, शिकणे, जुळवणे अशी तीन इंग्रजी अक्षरांची जोडणी तयार होती. शेजारच्या बाईंनी माझ्यादेखत पाच लिहिला. मीही.

तिसऱ्या बाई. एका लहान गावाच्या मॅनेजर, मूळच्या इंजिनिअर. उत्तरं तुटक. नव्वद दिवसांच्या प्रश्नाला म्हणाल्या, 'बजेट बघितल्याशिवाय कसं सांगू?' आणि गप्प. घड्याळाची टिकटिक ऐकू यावी असं गप्प. शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? तर त्यांनी पर्समधून मोटेलची छोटी वही काढली आणि म्हणाल्या, 'काल संध्याकाळी मोटेलपासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले. तीन हायड्रंटच्या (आगीच्या बंबासाठीचे रस्त्यावरचे नळ) बुडाशी ओल होती आणि पाऊस तर नाहीये. तुमच्याकडे किती टक्के पाणी हिशेबाबाहेर जातं?'

आम्ही सात जण. त्यातला एक निवृत्त न्यायाधीश, एक व्यापाऱ्यांच्या चेंबरचा, एक शाळेचा माजी मुख्याध्यापक. कुणालाही उत्तर माहीत नव्हतं. घरी येताना मी मुद्दाम त्या रस्त्याने गाडी काढली. ओल होती.

---

नागपूरची_संत्री

बाईंना घ्या! धागा बंद करा.

---

कूपर्टिनोची_काकू

बघा, हीच मुलाखत कॅमेऱ्यासमोर झाली असती तर सगळ्या गावाने हायड्रंटची गोष्ट ऐकली असती. आता ती सात जणांच्या पोटात.

---

टँपाची_मावशी

आणि कॅमेऱ्यासमोर झाली असती तर चौथ्या उमेदवारानेही ती ऐकली असती, आणि तोही पाचव्या हायड्रंटची गोष्ट घेऊन आला असता. शिवाय त्या बाईंच्या गावातल्या कौन्सिलनेही ऐकली असती. त्या आज कुठे काम करतात हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही, म्हणून तर त्या आल्या.

---

सदाशिवपेठी

पुण्यात उलटं होईल. ओल नसेल तो हायड्रंट शोधावा लागेल.

---

एचआर_काका

मावशी, हे पटलं. पण मग मधला मार्ग काढा ना. पहिल्या फेऱ्या बंद, शेवटच्या दोघांची नावं उघड, त्यांची मुलाखत उघडी. तिथपर्यंत पोचलेल्या माणसाने आपल्या मेयरला विश्वासात घेतलेलं असावं, एवढी अपेक्षा चुकीची नाही. जो दोघांत आल्यावरही नाव लपवतोय तो कौन्सिलशी काय मोकळा वागणार?

---

टँपाची_मावशी

दोघांतला एक हरणारच, काका. त्याला परत त्याच खुर्चीवर जाऊन बसायचंय.

---

ऑस्टिनचा_बंड्या

डॅलसकर, सगळं सांगितलंत, एक सोडून. तिसऱ्या बाईंना तुम्ही किती गुण दिलेत?

---

डॅलसकर

'संवादकौशल्य' या रकान्यात दोन. पाण्याच्या प्रश्नासाठी छापील कागदावर रकानाच नव्हता, म्हणून समासात पेन्सिलीने 'हायड्रंट' लिहिलं आणि पाकिटात घातलं. ओल बघून आल्यावर शहराच्या सेक्रेटरीला फोन करून विचारलं, कागद परत मिळेल का? नाही म्हणाल्या, चिकटपट्टी लागली.

मंगळवारी ठराव आहे. तो तरी उघड्यावर होईल.