बिशेट गेला, मॅच बंद. मार्चपर्यंत ब्लू जेज कसे फॉलो करायचे?

निळी_टोपी

नमस्कार मंडळी. इथं बेसबॉलवाले मोजकेच आहेत माहितीय, पण जे आहेत त्यांनाच विचारतोय.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. आतेभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, त्यानं तीन वर्षांपूर्वी टोरंटो ब्लू जेज ह्या बेसबॉल टीमची टोपी पाठवली आन् तिथनं नाद लागला. त्यांची घरची मॅच तिकडं संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी सुरू होती, म्हणजे आपल्याकडं पहाटे ४.३७. एप्रिल ते सप्टेंबर माझा गजर साडेचारचा. मॅच लावायची, चहा टाकायचा, घरचे उठेपर्यंत पाच-सहा इनिंग होऊन जातात, मग आंघोळ करून डबा घेऊन ड्युटीला.

आता मुद्दा. २ नोव्हेंबर २०२५ चा रविवार मला अजून जात नाही डोक्यातनं. कार्तिकी एकादशी होती, आईचा उपवास, आन् मी पहाटे साडेपाचपासून वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, डॉजर्सविरुद्धची सातवी मॅच बघत बसलो. आपल्या बो बिशेटचा गुडघा सप्टेंबरपासून दुखावलेला, नीट पळता येत नव्हतं, तरी त्यानं तिसऱ्या इनिंगला ओहतानीला तीन रनांचा होमरन (आपल्या सिक्ससारखा) मारला, मी ओरडलो तर शेजारचे काका दार वाजवून विचारायला आले काय झालं म्हणून. मग नववी इनिंग. कपाला फक्त दोन आउट कमी होते हो, दोन, आन् तिथं त्यांच्या रोहासनं होमरन मारून बरोबरी केली. खालच्या हाफला, म्हणजे आपल्या बॅटिंगला, बेस भरलेले, कायनर-फलेफा होमला बोटभर अंतरानं आउट. अकराव्याला त्यांच्या विल स्मिथचा होमरन आन् शेवटी आपल्या कर्कची बॅट मोडून डबल प्ले, एका बॉलवर दोन आउट. ५-४. १९९३ नंतर पहिल्यांदा कप येणार होता. आईनं खिचडीची ताटली समोर ठेवली ती तशीच गार झाली. त्याच रात्री आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, गल्लीत फटाके वाजले, मीपण गेलो, डोळ्यात पाणी होतं ते दोन्हींचं मिळून होतं.

आन् आता जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पोरांना घेऊन गेलो होतो, पाळण्याच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात भावाचा मेसेज, बिशेट न्यूयॉर्क मेट्सला गेला, तीन वर्षं, १२.६ कोटी डॉलर. पोरगी विचारतीय पप्पा काय झालं, तिला काय सांगणार.

क्रिकेटमध्ये कसं असतंय, एक सिरीज संपली की दुसरी, तोंड वळवायला कायतरी असतंय. इथं नोव्हेंबर ते मार्च एकपण मॅच नाही. तुम्ही हे पाच महिने काय करता? नुसत्या अफवा वाचत बसायचं का? आन् बिशेटवर रागवायचं का नाही, तेपण सांगा.

---

जुळे_सोलापूरकर

आधी बिशेटचं. रागवू नका दादा. मी हा खेळ बरीच वर्षं बघायलोय, पहिल्यांदा एखादा आवडता प्लेयर गेला की असंच होतं, घरातलं कुणी परगावी गेल्यासारखं. पण नियम समजून घ्या मग राग उतरतो. तिकडं प्लेयर वर आला की पहिली सहा वर्षं टीमच्या ताब्यात असतो, पहिली तीन वर्षं जवळजवळ टीम देईल तेवढाच पगार, मग आर्बिट्रेशन, म्हणजे जमलं नाही तर लवादासमोर दोन्ही बाजू आकडे ठेवतात आन् लवाद त्यातला एक उचलतो. सहा वर्षांचा सर्व्हिस टाइम पुरा झाला तेव्हाच तो मोकळा. बिशेट आन् व्लॅडी (आपलाच व्लादिमिर गुरेरो ज्युनिअर) दोघं २०१९ ला वर आले, दोघांचे वडील मोठे प्लेयर, खालच्या लीगपासून एकत्र, त्यामुळं दोघांची मुदत एकदमच संपणार होती. व्लॅडीनं २०२५ च्या एप्रिलमध्येच १४ वर्षांचे ५० कोटी डॉलर घेऊन सही केली. बिशेटला टीमनं २.२ कोटींची एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर दिली, ती त्यानं नाकारली, जे कुणीपण केलं असतं. आता तो दुसरीकडं गेला म्हणून टोरंटोला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडायच्या वेळी, एक जादा पिक मिळतो. २७ वर्षांचा असताना माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपली किंमत ठरवायची संधी मिळाली, ती त्यानं घेतली. ओहतानीला मारलेला तो होमरन काय मेट्स घेऊन जाऊ शकत नाहीत.

आता दुसरं. मॅच नाहीत म्हणजे काय घडत नाही असं नाही, उलट टीम ह्याच महिन्यांत तयार होतीय. आयपीएलचा लिलाव बघा, १६ डिसेंबरला अबुधाबीत एका दिवसात उरकला, ग्रीन २५.२० कोटीला गेला, हातोडा पडला, विषय संपला. इथं हातोडाच नाही. वर्ल्ड सिरीज संपून पाच दिवस झाले की बाजार उघडतो आन् कुणी नोव्हेंबरात सही करतो कुणी फेब्रुवारीत, एजंट थांबवून धरतात, एक टीम हलली की दुसरी हलती. मंगळवार बाजारात संध्याकाळपर्यंत थांबणारा गिऱ्हाईक असतोय की, तसंच, फक्त इथं कधीकधी थांबणाऱ्याच्या हाताला काय लागत नाही.

आन् आपल्या टीमनं ह्या वेळी थांबायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय. पिचर, म्हणजे बॉलर, डिलन सीजला सात वर्षं, २१ कोटी डॉलर. त्याच्या आकड्यांवर लोक नाक मुरडतात, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागं सरासरी दिलेले रन, ४.५५ होता म्हणून, पण २१५ स्ट्राइकआउट आहेत त्याचे, ज्याच्या बॉलला बॅटच लागत नाही त्याच्यावर पैसे लावलेले मला कधीपण पटतात. कोडी पॉन्स कोरियातनं आला, हानव्हा ईगल्सकडं २५२ स्ट्राइकआउट घेऊन तिथला एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी प्लेयर, झाला. शेन बीबरला मोकळं व्हायचा हक्क होता तरी तो १.६ कोटीवर राहिला, ही बातमी मला सगळ्यात गोड वाटली, कारण अकराव्या इनिंगचा तो होमरन त्याच्याच बॉलवर गेला होता आन् तरी त्याला तिथंच परत यायचंय. आन् तिसऱ्या बेसला काझुमा ओकामोतो, टोकियोच्या योमिउरी जायंट्सचा. जपानी प्लेयरचं वेगळं असतंय, त्याची टीम त्याला पोस्ट करती, मग ४५ दिवसांत अमेरिकेतल्या टीमशी करार झाला तर झाला, नाहीतर घरी परत. ओकामोतोची मुदत संपायला आलेली तेव्हा सही झाली, चार वर्षं, ६ कोटी.

मी काय करतो सांगू का? भिंतीवर कालनिर्णय आहे त्यावरच खुणा करतो. नोव्हेंबरात कुणाला करार द्यायचा कुणाला सोडायचं ती तारीख, डिसेंबरात विंटर मीटिंग, म्हणजे सगळ्या टीमची बैठक, त्याच आठवड्यात रूल ५ ड्राफ्ट. हा रूल ५ तर बघाच पुढच्या वेळी. दुसऱ्या टीमच्या खालच्या लीगमध्ये अडकलेलं पोरगं एक लाख डॉलर देऊन उचलायचं, पण अट अशी की त्याला अख्खा सीझन वरच्या टीममध्ये ठेवायचं, नाहीतर परत द्यायचं. कुणाच्या नजरेत नसलेल्या पोराचं एका सकाळी नशीब उघडतं.

---

निळी_टोपी

बीबरचं मला माहितीच नव्हतं. मी २ नोव्हेंबरनंतर महिनाभर काय वाचलंच नाही. थँक्यू दादा.

---

शॉर्टस्टॉप_ताई

मी शाळेत असताना पार्क मैदानावर सॉफ्टबॉल खेळलेय, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, बिशेटचीच जागा, त्यामुळं बिशेटवर माझा जीव जास्तच. मला करार-बिरार फार कळत नाहीत, मी वेगळं सांगते.

मी मॅच वहीत लिहिते. २०० पानी लाँगबुक, पट्टीनं रकाने आखायचे, एका ओळीत एक बॅटर. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३ असे नंबर असतात, शॉर्टस्टॉप ६. सातव्या मॅचची शेवटची नोंद माझ्या वहीत ६-३ अशी आहे, बेट्सनं बॉल उचलला, स्वतःच सेकंडवर पाय दिला आणि फर्स्टला फेकला, दोन आउट. ते लिहिलं, पेन ठेवला आणि पंधरा मिनिटं तशीच बसले. तिसरी मॅच १८ इनिंगची झाली तेव्हा पान संपलं, दुसरं पान फेव्हिकॉलनं चिकटवलंय, ते अजून घडी घालून आत आहे.

हिवाळ्यात मी काय करते तर जुनी मॅच परत लावते आणि लिहिते. निकाल माहिती असतो म्हणून घाई नसते, मग पहिल्यांदा न दिसलेलं दिसतं. पाचव्या मॅचला आपल्या येसाव्हेजनं १२ स्ट्राइकआउट घेतले ना, २२ वर्षांचं पोरगं, ती मी दोनदा लिहिलीय. दुसऱ्या वेळी फक्त त्याचा हात बघत होते, इतका वरून येतो बॉल की माडीवरून टाकल्यासारखा. बॅटर गुडघ्याच्या खाली बॅट फिरवतो आणि बॉल तोवर मातीत.

आणि जे नवीन येणार आहेत त्यांचं आधीचं बघून ठेवते. टायलर रॉजर्सचे व्हिडिओ बघा तुम्ही, खास त्याच्यासाठी बसा. तो उलटा, येसाव्हेजच्या अगदी उलटा. कमरेत वाकतो आणि हात जमिनीलगत आणतो, बोटं मातीला घासतील इतकी खाली, बॉल तिथून वर चढत येतो. वेग कमी आहे त्याचा पण बॅटरला कळतच नाही. त्याचा जुळा भाऊ टेलर, तोपण मोठ्या लीगमध्ये पिचर, पण डावखुरा. आता एका टीममध्ये एक माडीवरून टाकणारा आणि एक मातीतून. मी मार्चची वाट त्याच्यासाठी बघतेय.

लाइव्हच पाहिजे असेल तर डोमिनिकन लीग ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालते. तिकडची साडेसातची मॅच आपल्याकडं पहाटे पाचला, म्हणजे दादा तुमचा गजर तोच. लिसे विरुद्ध आगिलास एकदा बघा, स्टेडियममध्ये ढोल वाजत असतात, आपल्या मिरवणुकीसारखं. स्पॅनिश कॉमेंट्री कळत नाही पण लागत पण नाही.

---

बार्शीकर

मी थोडं वेगळं बोलतो, अफवांबद्दल.

मी गेल्या दोन हिवाळ्यांत अफवा वाचून वाचून स्वतःला त्रास करून घेतलाय. २०२३ ला ओहतानी टोरंटोच्या विमानात बसलाय म्हणून बातमी फिरली आठवतंय का, लोक विमानाचा नकाशा बघत बसले होते, मीपण रात्रभर जागा, आन् विमानात दुसराच कुणीतरी उद्योगपती निघाला. दुसऱ्या दिवशी ओहतानी डॉजर्सकडं. ह्या वर्षी काइल टकरचं परत तेच, टोरंटोचं नाव सगळीकडं, शेवटी डॉजर्स, चार वर्षं २४ कोटी. ज्या टीमनं सातव्या मॅचला रडवलं तीच. त्या दिवसापासून मी सगळे नोटिफिकेशन बंद केलेत.

आता माझा नियम एकच. करार ठरला अशी बातमी येती, मग प्लेयरची मेडिकल तपासणी होती, मग टीम स्वतः जाहीर करती. मी टीमनं जाहीर केल्यावरच खूश होतो, त्याआधी नाही. बाकी वेळ शेतावर. सध्या हुरडा चालू आहे, आगटी पेटवली की आमचे मामा, चुलते सगळे गोल बसतात, गेल्या रविवारी त्यांना मी तास-दीड तास नवव्या इनिंगचा किस्सा सांगितला, दगड ठेवून बेस दाखवले, शेंगा चटणीची वाटी होम प्लेट. मामा म्हणले त्यो पोरगा बेसपासनं अजून दोन पावलं पुढं का नव्हता उभा? अख्खं टोरंटो हेच विचारत होतं नोव्हेंबरभर, आन् मामांनी आयुष्यात एकपण मॅच बघितलेली नाही. अमेरिकेत ह्या दिवसांना हॉट स्टोव्ह म्हणतात, पूर्वी लोक शेगडीभोवती बसून बेसबॉलच्या गप्पा मारायचे म्हणून. आपल्याकडं आगटी आहेच.

अजून एक, हा हिवाळा वाया घालवू नका. खेळाडू आन् मालक यांचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मागच्या वेळी असा संपला तेव्हा मालकांनी लॉकआउट केला, डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२, ९९ दिवस. सह्या बंद, ट्रेड (प्लेयरची अदलाबदल) बंद, प्लेयरना टीमच्या मैदानावर पाय ठेवायला बंदी. पुढच्या जानेवारीत कदाचित रागवायलापण काय बातमी नसेल.

---

जुळे_सोलापूरकर

बार्शीकर, लॉकआउटचं बरोबर, पण अफवा पूर्ण सोडू नका हो. पॉन्सचं नाव मी पहिल्यांदा अफवेतच वाचलं, म्हणून त्याच्या कोरियातल्या मॅच शोधून बघितल्या, नाहीतर कशाला बघितल्या असत्या.

दादा, आता फार दिवस राहिले नाहीत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिचर-कॅचर डनेडिनला जमतात, फ्लोरिडात, १९७७ ला टीम सुरू झाली तेव्हापासून तिथंच. सरावाच्या मॅच तिकडं दुपारी एकला, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेअकराच्या पुढं. आन् ५ मार्चपासून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, देशादेशांची स्पर्धा. जपानच्या मॅच टोकियोत संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेतीनच्या आसपास, आयुष्यात पहिल्यांदा उजेडात बेसबॉल बघाल. ओकामोतोनं २०२३ च्या फायनलमध्ये अमेरिकेविरुद्ध होमरन मारला होता, त्याला तिथंच बघून घ्या.

---

निळी_टोपी

काल रात्री सगळ्यांचं वाचलं, मग धीर करून नववी इनिंग परत लावली. पहिल्यांदाच. कायनर-फलेफा होमला येतो तिथं तीनदा थांबवून बघितलं. मामांचं बरोबर आहे, दोन पावलं. पण ह्या वेळी रोहासचा थ्रोपण दिसला, तोल गेलेला, जवळजवळ पडत पडत फेकलाय त्यानं. तेव्हा मला फक्त आपला माणूस दिसत होता.

पोरगी शेजारी येऊन बसली होती, तिला बिशेटचा होमरन दाखवला. ती म्हणाली हे काका कुठं आहेत आता? म्हणलं न्यूयॉर्कला. बरं म्हणाली.

ताई, वहीचं एक पान आखून फोटो टाकता का? मला बॅटरच्या ओळी कळल्या, पण इनिंगचे रकाने किती घ्यायचे? नऊच ना?

---

शॉर्टस्टॉप_ताई

उद्या शाळेतून आल्यावर टाकते. वही आडवी धरा, नऊ इनिंगचे नऊ, आणि उजवीकडं तीन रकाने मोकळे सोडा. अकराव्या इनिंगला मला समासात लिहावं लागलं होतं.